वीस मीटरला मी बोललो होतो

ताई,

वीस मीटरला मी बोललो होतो. आधी हेच सांगतो, कारण आपलं शेवटचं भांडण यावरून झालं आणि ते अर्धं टाकून तू निघून गेलीस. भांडण अर्धं टाकायची आपल्या घरात पद्धत नाही. बाबा आणि आबाकाका एका जाळ्यावरून सतरा वर्षं भांडले, पण रोज समोरासमोर बसून भांडले. आता मी कोणाला सांगू की मी वीसला बोललो, पंधराला बोललो, दहाला तर खुर्चीतून उठून ओरडलो?

काल तुझं तेरावं झालं. मांडवीतलं तुझं घर माणसांनी भरलं होतं. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या तुझ्या मैत्रिणी आल्या, त्या तुझ्या आवाजाबद्दल बोलल्या. शेजारच्या पाटकरवहिनी तुझ्या हातच्या तिसऱ्यांच्या सुक्याबद्दल बोलल्या. सगळं खरंच होतं. पण आतल्या खोलीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. काढणार तरी काय? अठ्ठावन्न वर्षांची बाई रोज दुपारी चारला डोक्याला दिव्यांची टोपी घालते, पायांखाली पेडल घेते आणि कॉम्प्युटरवर लढाईतलं हेलिकॉप्टर उडवते, हे तेराव्याच्या पंगतीत कोण बोलणार? पाटकरवहिनी एवढंच म्हणाल्या, "दुपारची दोघं भावंडं मिळून गेम खेळत बसायची हो." गेम! तू असतीस तर त्यांना तिथल्या तिथे खुर्चीत बसवलं असतंस, बॅटरीपासून पंखा फिरेपर्यंतची सगळी बटणं ओळीने दाबायला लावली असतीस आणि मगच चहा विचारला असतास.

कसं सुरू झालं आठवतं? मंदार बंगळुरूला नोकरीला गेला आणि त्याचा मोठा कॉम्प्युटर इथेच राहिला. भाऊजींना जाऊन दोन वर्षं झाली होती, एक्स्चेंजची नोकरी तू त्याच्याही आधी सोडलेली. मला वाटलं, पोराच्या खोलीला आता कुलूप. तर एके दिवशी बंदरावर, माझ्या वर्कशॉपला, तुझा फोन. "बाबू, मला डाव्या हाताशी एक दांडा पाहिजे. वर ओढला की वर राहायला हवा, खाली ढकलला की खाली. आपला आपण हलता नये."

"कशाला गो? रहाट बसवतेस?"

"हेलिकॉप्टरला."

मी हातातला पाना खाली ठेवला. खरंच ठेवला.

मग मंदारने मला फोनवर समजावलं. मामा, खेळ लढाईचा आहे, पण त्यातलं हेलिकॉप्टर अगदी खऱ्यासारखं वागतं. बटण दाबलं नि उडालं, असला प्रकार नाही. डाव्या हाताचा दांडा उचलला की सगळं यंत्र वर उचललं जातं, उजव्या हाताच्या दांड्याने ते हवं तिकडे कलतं, आणि पायांनी नाक वळतं. एकाला हात लावला की बाकीचे दोन बिघडतात, म्हणून तिन्ही एकदम सांभाळायचे. आणि टोपीवरचे दिवे कॅमेऱ्याला दिसतात, म्हणून डोकं वळवलं की पडद्यावरची नजर वळते. आईला काय सुचलंय कोण जाणे, तिला हेच शिकायचंय. तू तर तासाभरात त्यांची बारशीसुद्धा उरकलीस. डावीकडचा उचलदांडा, उजवीकडचा कलदांडा. इंग्रजी नावं वहीच्या शेवटच्या पानावर गेली ती कायमची.

मी भंगारातून जुन्या जीपचा हँडब्रेक आणला. त्याचे दाते कानशीने घासून काढले, बुडाशी चामड्याची चकती बसवली आणि वरून बोल्ट घातला. बोल्ट आवळला की दांडा जड, सैल केला की हलका. तुझ्या हाताला बेताचा बसेल असा लावून दिला. तू दोनदा वर-खाली करून बघितलंस आणि म्हणालीस, "झकास. लोण्यासारखा चालतो." ताई, आमच्या बंदरावर काम नीट झालं तर माणसं गप्प राहतात आणि बिघडलं तर आईवरून शिव्या देतात. झकास म्हणणारं गिऱ्हाईक मला तूच भेटलीस.

मला वाटलं, आपणही उडवू. बसलो. तुला हसू आवरेना. बाबांच्या होडीचं सुकाणू माझ्या अंगात इतकं मुरलेलं की नाक उजवीकडे न्यायचं म्हटलं की मी डावा पाय दाबायचो. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे जाते ना, तसं. ते बिचारं हेलिकॉप्टर जागच्या जागी भोवऱ्यासारखं गरगरायला लागलं आणि तू मागून ओरडतेयस, "मेल्या, ते सुकाणू नाही! पाय सोड! सोड आधी!" तीन दिवसांत मी अकरा हेलिकॉप्टरं आपटली. चौथ्या दिवशी तू मला उठवलंस आणि शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलंस.

"तू बाबांना पाणी सांगायचास तसं मला उंची सांग," म्हणालीस. "मला बाहेर बघायचं असतं. काट्याकडे तू बघ."

हे तुलाच सुचू शकतं. खाडीच्या तोंडाशी वाळू साचते, होडी आत घेताना बुड घासेल म्हणून मी पुढच्या टोकाला, नाळेवर उभा राहून दोरीला बांधलेलं शिसं पाण्यात सोडायचो आणि ओरडायचो, "तीन वाव! अडीच वाव!" दोन हात पसरले की होते ती एक वाव. मागे सुकाणूवरून बाबा तोच आकडा परत म्हणायचे, "अडीच!" ते परत बोलले नाहीत तर त्यांनी ऐकलं नाही असं धरायचं आणि पुन्हा ओरडायचं. तुमच्या एक्स्चेंजमध्येही तेच होतं म्हणे, समोरच्याने सांगितलेला नंबर परत म्हणायचा, तेव्हा कुठे तो लागायचा. तर असा आपला नियम ठरला. मी म्हणायचं "पन्नास", तू म्हणायचं "पन्नास". मी म्हणायचं "वीस", तू म्हणायचं "वीस". तुझा तो नंबर जोडून देणारा आवाज, न चढणारा, न पडणारा. दुपारी चार ते सहा मी माझं वर्कशॉप बंद ठेवायचो आणि बोटवाल्यांच्या शिव्या खायचो, ते त्या आवाजासाठी. हे तुला कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, "चल, खुळ्या."

लढाईचा खेळ होता तरी आपण कधी लढलो नाही. डोंगरात अडकलेली जखमी माणसं उचलायची आणि तळावरच्या हॉस्पिटलात आणायची, एवढंच तू करायचीस. मला एकदा तरी रॉकेट सोडून बघायचं होतं. दोन्ही बाजूंना लटकवलेली असताना नुसती फिरवायची म्हणजे काय? तू म्हणालीस, "तुला मारायच्याच असतील तर वर्कशॉपला जाऊन माश्या मार." संपला विषय. आणि तू ती रॉकेटं काढूनच टाकलीस, म्हणालीस तेवढ्या वजनात आणखी दोन माणसं बसतात. पडद्यावरची माणसं, ताई! पण त्यातलं कोणी वाटेत गेलं की तू रात्री नीट जेवायची नाहीस.

उतरणं सगळ्यांत कठीण. सरळ खाली, घाईने आलं की हेलिकॉप्टर आपल्याच पंख्याने खाली ढकललेल्या हवेत बुडायला लागतं. अशा वेळी माणूस घाबरून उचलदांडा आणखी ओढतो आणि आणखी बुडतो. सुटायचं तर नाक खाली करून पुढे निघून जायचं, नव्या हवेत. तुला ते शिकायला चार महिने लागले. नंतर तू हळू, तिरकी उतरायचीस, नाक वर घेऊन वेग कमी करायचीस आणि शेवटच्या वीस मीटरला उचलदांडा वर घेत घेत चाकं टेकवायचीस. तो वीस मीटरचा आकडा म्हणून महत्त्वाचा. त्याच्यानंतर चुकायला जागा नसते.

आणि मग पंचनामा. उतरलं की चहा, आणि चहाबरोबर झालेलं उड्डाण परत लावून बघायचं. कॉम्प्युटर सगळं जपून ठेवतो. कोपऱ्यात एक छोटी चौकट दिसते. तिच्यात डावीकडची उभी पट्टी म्हणजे उचलदांडा, मधला ठिपका म्हणजे कलदांडा, खालची आडवी पट्टी म्हणजे पाय. कोणी कधी काय केलं आणि काय नाही केलं, सगळं उघडं. तू स्वतःच्या चुका अशा काढायचीस की जणू दुसऱ्याच बाईच्या काढतेयस. "ही बघ, ही बाई इथे उजवा पाय विसरली." मी मधूनच म्हणायचो, "बाई बरी उतरली हो आज." तेव्हा तू बशीतला अर्धा खारा काजू माझ्याकडे सरकवायचीस. तोंडाने कधी काही नाही.

आता पुढचं लिहायला हात उचलत नाही, पण लिहायला हवं.

शिमग्याला महिनाभर होता. तू मला म्हणालीस, "बाबू, उचलदांडा जड झालाय रे. बघ वायच."

मी बघितला. मला जड वाटला नाही, पण तू म्हणतेस म्हणजे असेल. खाऱ्या हवेने आपल्याकडे देवघरातली घंटासुद्धा हिरवी पडते, हँडब्रेकचं काय! तेल घातलं, बोल्ट अर्धा फेरा सैल केला. चार-पाच दिवसांनी पुन्हा तेच. "अजून जड आहे. कधी कधी तर उचलतच नाही." मला राग आला. माझ्या कामाला नावं ठेवतेस असं वाटलं. मी म्हटलं, "तुला म्हातारपण आलंय." तू म्हणालीस, "येईल की. सगळ्यांना येतं." मी आणखी एक फेरा सैल केला. तू त्या दिवशी डाव्या हाताची बोटं उजव्या हाताने चोळत होतीस. मी बघितलं, ताई. माझ्या डोळ्यांनी बघितलं. आणि माझ्या डोक्यात काय आलं असेल, तर चामड्याची चकती फुगली असणार, ती बदलायला हवी.

आयुष्यभर मी एकच गोष्ट शिकलो आहे. माणूस म्हणतो इंजिन कुंथतं, तर इंजिन खोलायचं. म्हणणाऱ्याकडे कोण बघतं?

आणि मग ते शेवटचं उड्डाण. डोंगराच्या कडेला चिंचोळी जागा, खाली तीन जखमी. हवा मागून. तू छान तिरकी येत होतीस. "पन्नास." "पन्नास." "तीस." "तीस." "वीस." आणि तू परत बोलली नाहीस. मी पुन्हा म्हटलं, वीस! मग पंधरा! मग दहा! हेलिकॉप्टर दगडासारखं खाली गेलं, शेपूट तुटलं, पंखा जमिनीला लागून उडाला आणि पडदा लाल झाला.

मी ओरडलो, "ऐकत का नाहीस?"

तू लाल पडद्याकडे बघत बसलीस. मग म्हणालीस, "तू उशिरा बोललास." शब्द जरा जड आले, पण मला वाटलं रागाने आले.

"मी? मी वीसला बोललो! लाव पंचनामा!"

"आज पंचनामा नको."

आपल्या इतक्या दिवसांत तू पहिल्यांदा पंचनाम्याला नाही म्हणालीस. मी काय समजलो? चूक झाली आहे, कबूल करायची नाही, म्हणून टाळतेय. मी उठलो, चहा न पिता चपला घातल्या आणि दारातून म्हटलं, "आपलं उडणं संपलं. दुसरा कोणी बघ उंची सांगायला." तू खुर्चीतून उठली नाहीस. एरवी मी चिडून निघालो की फाटकापर्यंत मागे येऊन आणखी दोन शब्द ऐकवायचीस. त्या दिवशी टोपी डोक्यावर तशीच आणि तुझा डावा हात मांडीवर पडलेला. हे मला आता दिसतं. तेव्हा मी फाटक आपटण्यात गुंग होतो.

नऊ दिवस अबोला. आपल्या घराण्याच्या मानाने काहीच नाही म्हणा. सहाव्या दिवशी तू माझ्या नंदाच्या हातून तिसऱ्यांचं सुकं पाठवलंस. मी दोनदा भाकरी मागून घेतली आणि डबा घासून रिकामा परत पाठव म्हणून नंदाला सांगितलं. डबा रिकामा परत जात नाही, हे काय मला माहीत नव्हतं? मुद्दामच सांगितलं. तुला लागावं म्हणून. नंदा काल रडत म्हणाली, तिने माझं ऐकलं नव्हतं. डब्यात साखर घालून दिली होती आणि तुला सांगितलं होतं, ह्यांनी पाठवली. तू म्हणे हसलीस आणि म्हणालीस, "येईल मग. चार दिवसांत येईल." नंदाचे हे उपकार मी कसे फेडू? तू जाताना मी तुझ्यावर रुसलेला नव्हतो, असं तुला वाटलं असेल. निदान तेवढं.

नवव्या दिवशी सकाळी पाटकरवहिनींचा फोन आला. तू मागच्या पडवीत पडलेली, शेजारी नारळ आणि विळी. नारळ अर्धाच खोवलेला.

डॉक्टर म्हणाले, मेंदूला जाणारं रक्त अडलंय, ताबडतोब कोल्हापूरला न्या. कागद लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "याआधी महिनाभरात हात जड पडणं, बोलताना शब्द अडणं, असं काही झालं होतं का? छोटे झटके येऊन जातात आधी." मी म्हटलं, "नाही. अजिबात नाही. ठणठणीत होती." किती पटकन म्हटलं मी, ताई. विचारही केला नाही.

अँब्युलन्समध्ये मी तुझ्या डाव्या बाजूला बसलो होतो. हातखंब्याला ट्रकांची ही लांब रांग. सायरन वाजत होता आणि बाजूला व्हायला कोणालाच जागा नव्हती. वडे तळणारा माणूस झारा हातात धरून आमच्याकडे बघत होता. डोंगरातून जखमी माणूस उचलून तू अकरा मिनिटांत तळावर आणायचीस. आणि तुला घेऊन मी एका चौकात बसलो होतो, पुढच्या ट्रकच्या मागे काय लिहिलंय ते वाचत. उतरून ट्रकवाल्याला शिव्या घातल्या. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "काका, कुठे घेऊ?" त्याचंही खरं होतं.

परत आत येऊन बसलो तेव्हा काय करावं सुचेना, म्हणून जे येतं ते केलं. "ताई, हातखंबा." तू परत बोलली नाहीस. नियमाप्रमाणे मी पुन्हा ओरडलो, "हातखंबा, ताई!" ड्रायव्हरने दचकून मागे बघितलं. मग वाट मोकळी झाली. "पाली, ताई. पाली आली." "नाणीज, ताई." प्रत्येक गाव मी दोनदा सांगितलं. साखरप्याला सोबतच्या नर्सबाईंनी तुझं मनगट धरलं, मग मानेशी बोटं लावली, बराच वेळ लावून ठेवली आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "गाडी घे बाजूला." परत येताना तीच गावं उलटी आली. ती मी सांगितली नाहीत.

काल माणसं गेल्यावर, साधारण आपल्या वेळेलाच, मंदार आतल्या खोलीत कॉम्प्युटर आवरायला बसला. त्याने हाक मारली, "मामा, आईचं शेवटचं उड्डाण आहे अजून. बघायचं?"

खरं सांगतो ताई, मला जिंकायचं होतं. तुझ्या तेराव्याच्या दिवशीसुद्धा. मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसलो आणि म्हटलं, "लाव."

त्यात आवाज नसतो. पण मी कुठे बोललो ते मला काट्यावरून कळतं. पन्नास, तीस. काटा विसावर आला आणि त्याच क्षणी मधला ठिपका मागे आला. तू नाक वर घेतलंस. खालची पट्टी सरकली, पाय बरोबर पडले. तू ऐकलं होतंस. माझा शब्द संपायच्या आत उजवा हात चालला होता, दोन्ही पाय चालले होते. फक्त डावीकडची उभी पट्टी खाली होती तिथेच. मी मोजलं. एक, दोन, तीन, चार. हलली नाही. पंखा उडाला, पडदा लाल झाला, आणि त्याच्या नंतर, सगळं संपल्यावर, ती पट्टी हळूहळू वर चढली.

तू ओढत होतीस. हात येत नव्हता.

तुला ते कळलं होतं आणि तू घाबरली होतीस. पंचनामा लावला तर मला दिसेल म्हणून नको म्हणालीस. 'तू उशिरा बोललास' म्हणून भांडण माझ्या अंगावर टाकलंस, कारण मी भांडायला लागलो की मला दुसरं काही दिसत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत? पण मग मी पाठ फिरवल्यावर तरी फोन करायचास, ताई. डॉक्टरकडे जायचंस. एक्स्चेंजमध्ये अख्ख्या गावाचे फोन जोडून दिलेस आणि स्वतःसाठी एक करता आला नाही? चीड येते मला तुझी. आणि मग वाटतं, तू तर सांगितलं होतंस. दोनदा सांगितलंस. जड झालाय रे, बघ वायच.

मंदार म्हणाला, "मामा, आईने उचलदांडा ओढलाच नाही? असं कसं?"

मी म्हटलं, "अडकला असेल. माझंच काम कच्चं."

तो म्हणाला, "असेल." आणि कॉम्प्युटर बंद केला.

आज सकाळी त्याने दांडा टेबलापासून सोडवून माझ्यासमोर ठेवला. बाकीचं सामान इथेच राहू दे म्हणाला, हा तेवढा मी बंगळुरूला नेतो, आईच्या हातातला आहे. "पण मामा, बोल्ट आवळून द्या. फारच सैल आहे."

मी पाना घेऊन पडवीत बसलो, तुझ्या विळीच्या जागेवर. दांडा एका बोटाने वर केला. एका बोटाने गेला. बोट काढलं तर आपला आपण खाली आला. पुन्हा केला, पुन्हा आला. आपला आपण हलता नये असं सांगून तू करून घेतलेला दांडा, ताई. मीच सैल करत करत इतका आणला होता की मुंगीनेही उचलला असता. आणि तुझ्या हाताला तो जड होता.

बोल्टावर पाना बसवला. दीड फेरा आवळला की झालं. मंदार तो टेबलाला लावेल, कधी हात ठेवेल, आणि मामाचं काम कच्चं होतं यावर त्याचं भागेल. त्याला आयुष्यभर सुखाने झोप लागेल. मला विचारायला कोण येतंय? नंदालाही कळणार नाही.

पण मग मी नाळेवर उभा राहून वाळू दिसत असताना गप्प बसलेला माणूस झालो असतो. एकदा झालोच आहे. तू म्हणालीस तेच खरं गो. वीसला मी वेळेवर बोललो असेन, पण महिनाभर जे समोर होतं त्याचं काय? मी उशिरा बोललो. बोललोच नाही.

पाना खाली ठेवला आणि मंदारला हाक मारली. तो कपड्यांची बॅग अर्धी भरून बाहेर आला, समोर बसला. मी दांडा त्याच्या हातात दिला.

"दांडा अडकला नव्हता रे," म्हटलं.

त्याने तो वर केला आणि सोडून दिला. खाली पडलेला बघितला. पुन्हा वर केला. मग माझ्याकडे न बघता, तुझ्यासारख्याच न चढणाऱ्या, न पडणाऱ्या आवाजात तो म्हणाला, "अडकला नव्हता."